ताठ साखळीचे ॲरोमॅटिक पॉलिअमाइड द्रावणातून स्फटिक कसे होतात? साखळी घडी घालते का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: पॉलिथिनचं पातळ द्रावण थंड केलं की साखळी घड्या घालत पापुद्र्यासारखे स्फटिक बनवते, हे पुस्तकात आहे. मग केव्हलारसारखी (बुलेटप्रूफ जाकिटातलं सूत, ॲरोमॅटिक म्हणजे बेंझिनच्या कड्या असलेलं पॉलिअमाइड) ताठ साखळी, जी मुळात वाकतच नाही, ती द्रावणातून स्फटिक होते कशी? तुमच्या सरांनी ‘तसंच असतं, फक्त जरा अवघड’ असं सांगून विषय मिटवला, असंही तुम्ही लिहिलंय. सरांचा मान ठेवून सांगतो, तसंच नसतं. जवळपास उलटं असतं.

मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो आणि सुटीच्या दिवशी बाबांचं वावर पाहतो. त्याआधी नागपुरात दोन वर्षं याच पदार्थामागे घालवली होती. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

आधी पॉलिथिनचं बघून घेऊ, म्हणजे फरक कळेल. १९५७ साली ब्रिस्टलला अँड्र्यू केलरनं दाखवलं की पातळ द्रावणातून वाढलेला पॉलिथिनचा स्फटिक साधारण १० नॅनोमीटर जाडीचा असतो, साखळी त्या जाडीच्या दिशेनं उभी असते, आणि तिची लांबी मात्र जाडीच्या कितीतरी पट. म्हणजे साखळी वर जाते, वळते, खाली येते, पुन्हा वळते. हे जमतं कारण कार्बन-कार्बन एकेरी बंधाभोवती फिरायला फार ऊर्जा लागत नाही. चार-पाच कार्बनांत वळण पूर्ण होतं. तिथला क्रम लक्षात ठेवा: द्रावणात साखळी सुताच्या गुंत्यासारखी असते, आणि सगळी शिस्त स्फटिक होतानाच लागते.

केव्हलारची साखळी, म्हणजे पॉली-पॅरा-फिनिलिन टेरेफ्थॅलामाइड (यापुढे पीपीटीए), अशी वळत नाही. बेंझिनच्या कड्या पॅरा जागी जोडलेल्या, म्हणजे समोरासमोर. मधल्या अमाइडचा कार्बन-नायट्रोजन बंध अर्धवट दुहेरी, त्यामुळे तो सपाट आणि ट्रान्स राहतो, म्हणजे साखळीचे दोन्ही भाग बंधाच्या विरुद्ध बाजूंना. कडी स्वतःभोवती फिरू शकते, पण तिच्या फिरण्यानं साखळीची दिशा बदलत नाही, जशी हातातली काठी गरगर फिरवली तरी ती वाकडी होत नाही. साखळीला आपली दिशा विसरायला द्रावणात काही दशक नॅनोमीटर लागतात. पॉलिथिनला एखादा नॅनोमीटर पुरतो.

आता तुराट्यांकडे येतो. माझ्या डोक्यात हा विषय तिथंच बसला.

तूर निघाली की तुराट्या बंडीत भरून घरी आणायच्या असतात. एका वर्षी मी हातभार लावायला म्हणून गेलो आणि कवेत येतील तशा उचलून बंडीत टाकू लागलो. थोड्या वेळात बंडी शिगोशीग. आत निम्मी हवा. आमचे काका धुऱ्यावरून ओरडले, ‘काहून बे, कुंपणाच्या बोराट्या टाकून राह्यला का? एका अंगानं लाव ना!’ सगळ्या उतरवून, शेंडे एका बाजूला करून लावल्या, तर तेवढ्याच तुराट्या अर्ध्या बंडीत बसल्या. वरून दोर टाकून आवळल्या, झालं.

ताठ रेणूंचं द्रावण असंच भरतं. थोडे रेणू असतील तोवर प्रत्येकाला हव्या त्या दिशेला तोंड करून फिरायला जागा असते. संख्या वाढवत गेलात की एक वेळ अशी येते की आडव्यातिडव्या काड्यांना जागाच उरत नाही. मग त्या आपोआप एका अंगानं लागतात. इथं पुष्कळांना वाटतं की रेणू एकमेकांना ओढतात म्हणून समांतर होतात. त्याची गरज नाही. दिशेचं स्वातंत्र्य गमावलं की सरकण्याचं स्वातंत्र्य मिळतं, आणि गर्दीत हा सौदा फायद्याचा पडतो. एकूण एंट्रॉपी वाढतेच. ऑन्सागरनं १९४९ साली आणि फ्लोरीनं १९५६ साली हे गणितानं दाखवलं. फ्लोरीचं सूत्र वहीत लिहून ठेवा: काडीची लांबी भागिले जाडी हा आकडा क्ष मानला, तर शिस्त सुरू होण्याची हद्द, आकारमानाच्या हिश्शात, साधारण (८/क्ष)(१ − २/क्ष).

आकडे घालून पाहू. पीपीटीएच्या एका एककाचा रेणुभार २३८ आणि लांबी सुमारे १.२९ नॅनोमीटर. रेणुभार २०,००० असलेल्या साखळीत ८४ एककं, म्हणजे ताणून धरली तर १०८ नॅनोमीटर. जाडी अर्धा नॅनोमीटर धरली तर क्ष दोनशेच्या पुढे जातो. पण एवढ्या लांबीवर साखळी थोडी लवतेच, लांब बांबूचा शेंडा लवतो तशी. म्हणून खरोखर सरळ तुकडा निम्मा धरून क्ष १०० घ्या. उत्तर ७.८ टक्के. गंधकाम्लात, म्हणजे शुद्ध सल्फ्युरिक ॲसिडमध्ये, प्रत्यक्षात ही हद्द वजनानं ८ ते १० टक्क्यांच्या आसपास दिसते, रेणुभारानुसार थोडी मागेपुढे. इतक्या साध्या हिशेबाला एवढं जवळचं उत्तर यावं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

हद्द ओलांडल्याची खूण डोळ्यांना दिसते. हद्दीपर्यंत घट्टपणा वाढत जातो, काकवीसारखा. हद्द ओलांडली की पदार्थ वाढवूनही द्रावण एकदम पातळ होतं, आणि ढवळलं की त्यात मोत्यासारखी झाक फिरते. कारण समांतर काड्या एकमेकींवरून घसरतात, अडकत नाहीत. ही द्रवस्फटिक अवस्था. १९६५ साली ड्यूपॉन्टच्या प्रयोगशाळेत स्टेफनी क्वोलेक यांच्यासमोर असंच एक द्रावण आलं. ते पीपीटीएच्या सख्ख्या बहिणीचं, पॉली-पॅरा-बेंझामाइडचं होतं. गढूळ, पातळ, ताकासारखं. सूत काढण्याचं यंत्र चालवणारा माणूस ते भरायला तयार होईना. गढूळपणा म्हणजे आत कण असणार आणि जाळीची बारीक भोकं बुजणार, ही त्याची भीती. गाळलं तरी गढूळ ते गढूळच राहिलं. शेवटी सूत काढलं तेव्हा त्याचा ताठपणा पाहून मोजमाप पुन्हापुन्हा करावं लागलं. तो गढूळपणा कचऱ्याचा नव्हता, वेगवेगळ्या दिशांना लागलेल्या गठ्ठ्यांचा होता.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच आलं. ताठ साखळीत रांग आधी लागते, द्रव असतानाच. स्फटिक होणं म्हणजे लागलेल्या रांगेवर दोर आवळणं. घडीचा प्रश्न तिथं येतच नाही.

उरलेलं अर्धं उत्तर मला एका फसलेल्या प्रयोगानं शिकवलं. जुलै महिना, नागपूरचा पावसाळा. मी आणि माझा जोडीदार ९८ टक्के ॲसिडमध्ये हिशेबानं ओलियम (सल्फर ट्रायऑक्साइड विरघळलेलं गंधकाम्ल) घालून १०० टक्के केलेल्या ॲसिडमध्ये वीस टक्के पीपीटीए विरघळवत होतो. ऐंशी अंशांच्या आसपास द्रावण छान वाहत होतं, पिवळंधमक, झाक मारणारं. संध्याकाळी दोन बाटल्यांत ओतून घरी गेलो. सकाळी येऊन पाहतो तर दोन्ही बाटल्यांत दगड. बाटली उलटी केली तरी हलेना, मेणासारखं घट्ट. जोडीदार म्हणाला, ‘गेलं. पाणी शिरलं असेल, पॉलिमर बाहेर पडलं.’ मलाही तेच वाटलं. फेकायच्या आधी एक बाटली उगाच पुन्हा तापवली. ऐंशीच्या जवळ येताच ती मुकाट वितळली, कालच्यासारखीच झाक. दुसरी तापवली तर खालचं सगळं वितळलं, पण वर एक पिवळट साय तशीच तरंगत राहिली. काही केल्या विरघळेना. पाहिलं तर त्या बाटलीचं बूच रात्रभर सैल होतं.

दोन्ही बाटल्यांत घन झालं होतं, पण दोन वेगवेगळे घन. हा फरक समजला की या विषयातला निम्मा गोंधळ जातो.

खालचा मेणासारखा घन म्हणजे क्रिस्टल सॉल्व्हेट. त्यात पॉलिमर एकटा स्फटिक होत नाही, ॲसिडला सोबत घेऊन होतो. साखळ्यांच्या मधोमध सल्फ्युरिक ॲसिडचे रेणू ठरलेल्या जागी बसलेले असतात, जसं मोरचुदाच्या स्फटिकात पाणी बसलेलं असतं. हा स्फटिक गरम केला की वितळतो आणि पुन्हा द्रवस्फटिक होतो, थंड केला की पुन्हा जमतो. कितीही वेळा करा. (कितीही वेळा म्हणजे तापमान हाताबाहेर जाऊ न देता, गरम ॲसिडमध्ये जास्त वेळ ठेवलं तर साखळ्या तुटायला लागतात आणि रेणुभार उतरतो.) कारखान्यात सूत काढताना वीस टक्क्यांच्या आसपासचं द्रावण ऐंशी अंशांजवळ गरम ठेवतात ते याचसाठी. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, पण या घनाला त्याचंही काही वाटत नाही.

वरची साय वेगळी. तिच्यात हवेतलं पाणी शिरलं होतं. ॲसिड पीपीटीएला विरघळवतं कसं, तर अमाइडच्या ऑक्सिजनला प्रोटॉन देऊन. त्यामुळे साखळीवर धन प्रभार येतो, शेजारच्या साखळीशी असलेले हायड्रोजन बंध सुटतात आणि साखळ्या एकमेकींना दूर लोटतात. पाणी आलं की ॲसिड आपला प्रोटॉन पाण्याला देतं, कारण पाणी अमाइडपेक्षा प्रोटॉनसाठी जास्त भुकेलेलं असतं. अमाइड मोकळे झाले की एका साखळीचा एनएच शेजारणीच्या सीओला धरतो, दुसरा एनएच दुसऱ्या सीओला, आणि चेन ओढावी तशी दोन साखळ्यांची गाठ पडत जाते. अशी पडलेली गाठ उष्णतेनं सुटत नाही. पीपीटीए वितळायच्या आधी, ५०० अंशांच्या पुढे कुठेतरी, स्वतःच विघटित होतं. म्हणून साय परत जात नाही. ती द्रावणातून बाहेर पडलेली, ॲसिड सोडून दिलेली, पीपीटीएची स्वतःची स्फटिक अवस्था.

सूत काढताना हीच साय मुद्दाम धरतात, फक्त क्षणात. गरम द्रावण जाळीच्या भोकांतून बाहेर येतं, एखाद्या सेंटीमीटरभर हवेतून खाली ओढलं जातं आणि मग थंडगार पाण्यात शिरतं. हवेतल्या त्या छोट्या अंतराची युक्ती ड्यूपॉन्टच्याच हर्बर्ट ब्लेड्स यांची. गठ्ठे आधीच होते, पण प्रत्येक गठ्ठ्याचं तोंड वेगळीकडे; हवेतल्या ओढीत सगळे एका दिशेला येतात. पाणी थंड का? एक तर ॲसिडमध्ये पाणी मिसळताना उष्णता भयंकर सुटते. दुसरं, पाणी आत आणि ॲसिड बाहेर जाईपर्यंत ती ओळ मोडायला वेळ मिळता कामा नये. पाणी बाहेरून आत जात असल्यानं कडेचा थर आधी आवळला जातो आणि गाभा नंतर, म्हणून धाग्याची साल आणि गाभा यांची रचना थोडी वेगळी निघते.

शेवटी हाती येणाऱ्या स्फटिकाची घडण नॉर्थोल्टनं १९७४ साली क्ष-किरणांनी मांडली. एकक पेटीच्या, म्हणजे स्फटिकात पुन्हापुन्हा येणाऱ्या सगळ्यात लहान तुकड्याच्या, बाजू ७.८७, ५.१८ आणि १२.९ अँगस्ट्रॉम, एका पेटीतून दोन साखळ्या जातात, एक कोपऱ्यातून, एक मधून. हायड्रोजन बंध एकाच पातळीत, त्यामुळे साखळ्यांच्या चादरी होतात आणि चादरीवर चादर रचली जाते. चादरींमध्ये हायड्रोजन बंध नाहीत, नुसती लगट. एक छोटा हिशेब स्वतः करून पाहा: पेटीचं घनफळ सुमारे ५२६ घन अँगस्ट्रॉम, आत दोन एककं, म्हणजे घनता १.५० येते. प्रत्यक्ष धागा १.४४ भरतो. तेवढा फरक म्हणजे आतल्या बारीक पोकळ्या, साखळ्यांची टोकं आणि पाणी.

पण सरळ याच घडणीवर गाडी येते असं नाही, आणि तुमच्या प्रश्नाचा सगळ्यात रसाळ भाग मला हाच वाटतो. हद्दीच्या खालचं, म्हणजे पातळ आणि दिशाहीन द्रावण घेऊन त्यात पाणी घातलं, तर जे बाहेर पडतं त्यात कधीकधी दुसरंच रूप दिसतं. जपानमध्ये हारागुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९७० च्या दशकाच्या शेवटी दाखवलं. त्यात दुसरी साखळी पेटीच्या मधोमध न राहता कडेच्या मध्यावर सरकलेली असते, म्हणजे चादरी तशाच पण एकमेकींवर वेगळ्या ठेवलेल्या. पदार्थ तोच, ॲसिड तेच, पाणी तेच. फरक एवढाच की दोर आवळला तेव्हा रांग लागलेली होती की नव्हती. म्हणून कुणी नुसतं ‘पीपीटीएचा स्फटिक’ म्हटलं की मी आधी विचारतो, कुठल्या द्रावणातून?

पातळ द्रावणातून आणखी एक गोष्ट होते. काड्या विखुरलेल्या असतात, पाणी येताच जी जवळ सापडेल ती एकमेकींना धरते आणि घट्ट जेल बनतं, आत बारीकबारीक स्फटिक तंतू. तो पापुद्रा नव्हे, आणि नीट वाढलेला स्फटिकही नव्हे. पाणी जितकं सावकाश द्याल तितकी रचना सुधारते. बंद भांड्यात नुसती दमट हवा पुरवून पाहण्यासारखं आहे.

मेटा जातीचं दोन ओळींत. नोमेक्स या केव्हलारच्या भावंडात कड्या मेटा जागी, म्हणजे समोरासमोर नव्हे तर तिरप्या, जोडलेल्या, त्यामुळे साखळी दर कडीला वळते. काकांच्या भाषेत बोराटी. ती कितीही भरा, एका अंगानं लागत नाही, द्रवस्फटिक होत नाही; सूत काढून मग गरम ओढावं लागतं, तेव्हा कुठे स्फटिक होते.

आता घडीचा मूळ प्रश्न. पीपीटीएच्या साखळीला उलटं फिरायचं तर एखादा अमाइड ट्रान्सचा सिस (दोन्ही भाग एकाच बाजूला) करावा लागेल किंवा मोठा फेर घ्यावा लागेल. दोन्ही महाग. एखाद्या ठिकाणी ते घडत असेलही, पण स्फटिक होण्याचा तो राजमार्ग नाही. उलट आखूड साखळ्या, म्हणजे पाच-सहा एककांचे ऑलिगोमर, घेतले तर त्या पूर्ण ताणलेल्याच रचल्या जातात.

हा पदार्थ हाताळायची हौस असेल तर गरम सल्फ्युरिक ॲसिडपासून सुरुवात करू नका. माझ्या ॲप्रनची भोकं अजून जपून ठेवली आहेत. डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून केव्हलारचे तुकडे खोलीच्या तापमानाला ढवळत ठेवले की काही दिवसांत गडद लाल द्रावण होतं. मिशिगन विद्यापीठात कोटॉव्ह यांच्या गटानं २०११ साली ही वाट दाखवली. तिथं प्रोटॉन देण्याऐवजी काढून घेतला जातो, साखळ्या ऋण प्रभारानं सुट्या होतात, पण पूर्ण एकेकट्या नाही; नॅनोमीटर जाडीचे तंतू शिल्लक राहतात. पाणी घातलं की तेच जेल. अल्कलीही कातडी सोलते, तेव्हा हातमोजे आणि चष्मा हवाच.

तुकडे कुठून आणायचे? आमच्या गावाच्या फाट्यावर रस्त्याच्या कामात जेसीबीनं जमिनीतली ऑप्टिकल फायबर केबल तोडली. आठ दिवस ग्रामपंचायतीचं नेट बंद. तुटलेल्या टोकातून पिवळे झुपके लोंबत होते, तेच हे सूत. वर्गात दाखवायला वीतभर आणलं. कात्रीत धरलं तर घसरतं, कापलं तरी टोक पिंजतं, तंतूंचे तंतू सुटत जातात, कारण चादरीला चादर धरून ठेवणारं बळ थोडं आहे. काडी लावली तर नायलॉनच्या दोरीसारखा थेंब गळत नाही. लाल होऊन काळं पडतं, काडी दूर नेली की विझतं. पण तोच धागा नखानं चेपून दुमडा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघा: दुमडलेल्या जागी तिरप्या रेघा पडलेल्या दिसतील. ओढायला पोलादाला भारी असणारी ही साखळी दाबात लगेच मुडपते.

आणि तुम्ही सूक्ष्मदर्शकाचा फोटो पाठवून ‘हा पापुद्रा म्हणजे घडीच ना?’ असं विचारलंय, त्याचं उत्तर फोटोत नाही. आधी त्याच नमुन्याचा रेणुभार काढा, त्यावरून ताणलेल्या साखळीची लांबी काढा, आणि मग पापुद्र्याची जाडी मोजा. दोन्ही आकडे सारखे आले तर साखळ्या उभ्या आहेत, घडी नाही. जाडी लांबीच्या दहाव्या हिश्शाएवढी आली तर साखळ्या खरंच जाडीच्या दिशेनं उभ्या आहेत की पापुद्र्यात आडव्या झोपल्या आहेत, हे इलेक्ट्रॉन डिफ्रॅक्शननं, म्हणजे इलेक्ट्रॉनचा झोत स्फटिकातून कसा विखुरतो ते पाहून, तपासा. आमच्याकडे हे दुसरं तपासायचं राहिलं होतं, आणि गाइडनी पहिल्याच बैठकीत नेमकं तेच विचारलं.